ट्रॅकसाठी पहिली टायरजोडी: पुण्याहून निघणाऱ्या नवख्या रेसरने काय घ्यावं आणि काय दुकानातच सोडावं

पुण्यात मोटरसायकली हव्या तितक्या आहेत, रेसिंगचा ट्रॅक मात्र नाही. केटीएम आरसी ३९० चाकणला तयार होते, पण ती मनासारखी पळवायची तर चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टई, नाहीतर कोइम्बतूर गाठावं लागतं. दोन्हीकडे एका बाजूचं अंतर साधारण १२०० किलोमीटर. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट त्याहून लांब. एवढा प्रवास, ट्रॅकची फी, राहणं-खाणं हे सगळं झाल्यावर टायरसाठी खिशात काय उरतं, ते वेगळं सांगायला नको.

म्हणूनच इथे ‘स्वस्त’ याचा अर्थ दुकानात कमी किमतीला मिळणारा टायर असा घेऊ नका. दर सेशनमागे, म्हणजे ट्रॅकवरच्या एका पाळीमागे, कमी पैसे खाणारा आणि थंड असतानाही दगा न देणारा टायर तो स्वस्त. १५० ते ४०० सीसीच्या गाडीवर पहिलं-दुसरं वर्ष घालवणाऱ्यासाठी उत्तर बहुतेक वेळा एकच येतं: कंपनीने दिलेल्या मापातला, ताज्या तारखेचा, रस्त्यासाठीच बनवलेला स्पोर्ट टायर, आणि सोबत एक चांगला प्रेशर गेज. हे ऐकून पुष्कळांचा विरस होतो, कारण चर नसलेले गुळगुळीत स्लिक टायर फोटोत फार देखणे दिसतात.

आधी नियमपुस्तिका, मग दुकान

तुम्ही ट्रॅक डेला (शर्यत नाही, नुसता सराव) जाताय, रेसिंग स्कूलला की स्पर्धेला, हे आधी ठरवा. टीव्हीएस वन मेक चॅम्पियनशिप किंवा रॉयल एनफिल्डचा कॉन्टिनेन्टल जीटी कप यांसारख्या एकाच मॉडेलच्या स्पर्धांत तयार गाडी आयोजकच देतात आणि टायरही ठरलेलेच असतात. तिथे टायर निवडायचा प्रश्नच येत नाही. स्वतःची गाडी घेऊन एफएमएससीआयच्या, म्हणजे देशातल्या मोटरस्पोर्टच्या नियामक संस्थेच्या, नियमांखालच्या शर्यतीत उतरणार असाल, तर त्या वर्गाच्या नियमात टायरची कंपनी, मॉडेल, कधीकधी संख्याही ठरवून दिलेली असते. टायर घेऊन झाल्यावर नियम वाचणारे दरवर्षी निघतात. स्क्रुटिनीच्या, म्हणजे शर्यतीआधीच्या गाडीतपासणीच्या, रांगेत उभं राहून नवी जोडी शोधायची वेळ आली, तर कुठलाच हिशेब जुळत नाही. ट्रॅक डेला बहुधा टायरच्या स्थितीपुरतीच अट असते.

माप: रुंद टायरचा मोह

आपल्याकडे ‘मागचा टायर एक नंबर वर घ्या’ हा सल्ला फुकट मिळतो. ट्रॅकवर तो महागात पडतो. कारण साध्या गणितात सापडतं.

यामाहा आर१५ च्या मागे १४०/७०-१७ हे माप येतं. म्हणजे रुंदी १४० मिलिमीटर आणि बाजूची उंची तिच्या ७० टक्के, ९८ मिलिमीटर. १७ इंची रिम ४३२ मिलिमीटरची धरली, तर टायरचा पूर्ण व्यास ६२८ च्या आसपास येतो. त्याजागी १५०/६०-१७ बसवला की व्यास होतो ६१२. टायर रुंद झाला, पण गाडीची मागची बाजू ८ मिलिमीटर खाली बसली. मागची बाजू बसली की पुढच्या फोर्कचा कोन आडवा होतो आणि गाडी वळणात उशिरा पडते. शिवाय चाक लहान झाल्याने गिअरिंग सुमारे अडीच टक्क्यांनी आखूड होतं, सरळ रस्त्यावर इंजिन लवकर ओरडू लागतं. टायर रिमच्या मानाने रुंद असेल तर तो दोन्ही बाजूंनी चिमटला जातो आणि मधला भाग टोकदार होतो. वाढवलेली रुंदी मग कागदावरच राहते.

तेव्हा गाडीच्या मापाला चिकटून राहा. आर१५ ला पुढे १००/८०-१७ आणि मागे १४०/७०-१७, पल्सर एनएस२०० ला पुढे १००/८०-१७ आणि मागे १३०/७०-१७, आरसी ३९० आणि अपाचे आरआर ३१० या दोन्हींना पुढे ११०/७०-१७ आणि मागे १५०/६०-१७. या शेवटच्या जोडीत पर्याय सर्वांत जास्त मिळतात, ११०/७० आणि १५०/६० मध्ये देशी-परदेशी बहुतेक कंपन्यांचे स्पोर्ट रेडियल (आतले धागे कडेपासून कडेपर्यंत आडवे असलेले टायर) येतात. १००/८० आणि १३०/७० वाल्यांना निवड कमी, पण किंमतही कमी.

रेडियल आणि बायस (आतले धागे तिरके असलेला टायर) यांच्या जोडीचा नियम लक्षात ठेवा. पुढे बायस आणि मागे रेडियल हा मेळ कंपनीने दिलेला असेल तर चालतो, आर१५ वर तसा येतोही. उलटा मेळ, म्हणजे पुढे रेडियल आणि मागे बायस, करू नका. दोन्ही टायर एकाच कंपनीचे आणि एकाच मॉडेलचे असले तर गाडीच्या वागण्याचा अंदाज लवकर येतो.

मापापुढचा आकडा आणि अक्षरही वाचा. ‘५४एच’ म्हणजे २१२ किलो भार आणि ताशी २१० किलोमीटर वेग, ‘६६एच’ म्हणजे ३०० किलो. ‘एस’ असेल तर १८०, ‘पी’ असेल तर १५०. १५०-२०० सीसीला ‘एस’ किंवा ‘एच’, ३०० च्या पुढे ‘एच’ किंवा त्यावरचं घ्या. गाडीवर मूळ जे अक्षर आहे त्याखाली उतरू नका.

टायरची जात

बाजारात ढोबळमानाने चार जाती दिसतात.

रोजच्या वापराचा कम्युटर टायर टिकतो पुष्कळ, पण त्याचं रबर कडक असतं. ट्रॅकवर सलग पंधरा-वीस मिनिटं झोपवला की तो तापून घसरायला लागतो. नवी गाडी त्यावरच आली असेल तर पहिला ट्रॅक डे त्यावर करायला हरकत नाही. उलट, घसरण्याआधी तो बऱ्यापैकी वर्दी देतो आणि वळणात घेतलेली चुकीची वाट लगेच कळते.

टुरिंग-स्पोर्ट टायरात मधला पट्टा टिकाऊ आणि कडा ग्रिपच्या असतात, लांब पल्ल्याला उत्तम. आरआर ३१० वर येणारा मिशलिन रोड ५ या जातीचा. गाडीवर असेल तर संपेपर्यंत वापरा, ट्रॅकसाठी म्हणून मुद्दाम घेऊ नका.

रस्त्यावरचा स्पोर्ट रेडियल ही आपल्या कामाची जात. अपोलो अल्फा एच१, टीव्हीएस युरोग्रिप प्रोटॉर्क एक्स्ट्रीम, एमआरएफ स्टील ब्रेस हे देशी. पिरेली डायब्लो रोसो आणि मेट्झेलर स्पोर्टेक एम९ आरआर हे वरच्या किमतीचे. प्रत्येक मॉडेल प्रत्येक मापात येत नाही, म्हणून नावावर अडून न बसता मापात काय मिळतं ते आधी विचारा. नवख्या रायडरच्या वेगाला देशी रेडियल आणि आयात टायर यांतला फरक लॅप टाइममध्ये क्वचित दिसतो. ब्रेक कुठे सोडायचा, नजर कुठे ठेवायची यात त्याहून कितीतरी जास्त सेकंद अडकलेले असतात.

चौथी जात रेस कंपाउंड, म्हणजे शर्यतीसाठीच्या खास रबराचे टायर, आणि स्लिक. नवखा इथेच फसतो. ‘चेन्नईच्या टीमने दोन शर्यती वापरून काढलेले स्लिक, अर्ध्याहून कमी किमतीत’ असा निरोप ग्रुपवर येतो आणि रबर अजून जाड दिसतं म्हणून सौदा होतो. पण रेस रबर जाडी संपण्याच्या आधी गुणाने मरतं. ते तापलं आणि निवलं की एक फेरा झाला. दर फेऱ्याला रबर थोडं कडक होतं. दुसरी अडचण उष्णतेची. टायर तापतो तो मुख्यतः दाबला-वळला गेल्याने. स्लिकचं रबर ठरावीक तापमानाला पोचल्यावरच पकडतं, आणि १५०-२०० सीसीची हलकी गाडी, त्यातून सावध रायडर, ते तापमान गाठूच शकत नाही. त्यासाठी टायर वॉर्मर, म्हणजे टायर तापवणारं विजेचं आवरण, वॉर्मरसाठी स्टँड, स्टँडपाशी वीज, वीज नसली तर जनरेटर. पाठोपाठ तिसरी अडचण पावसाची. ऑक्टोबर ते डिसेंबरात तमिळनाडूत ईशान्य मोसमी पाऊस असतो. चर असलेल्या टायरवर भिजलेल्या ट्रॅकवर हळू का होईना शिकता येतं. स्लिकवाला पिटमध्ये चहा पीत बसतो.

सेशनचा हिशेब

पुढचे आकडे केवळ रीत दाखवण्यासाठी धरलेले आहेत; तुमच्या मापाचा दुकानातला भाव त्यात घाला. समजा स्पोर्ट रेडियलची जोडी १५,००० रुपयांची आणि ती पाच ट्रॅक डे टिकली. दिवसाला सहा सेशन म्हणजे एकूण ३० सेशन, दर सेशनला ५०० रुपये. रेस कंपाउंडची जोडी २८,००० ची आणि दोन दिवस चालली, तर १२ सेशन, दर सेशनला २,३०० च्या वर, वॉर्मर वेगळे. वापरलेले स्लिक ६,००० चे, एका दिवसात संपले, तर सेशनला १,०००. जे सर्वांत स्वस्त वाटलं होतं ते रेडियलच्या दुप्पट निघालं.

बसवणं, बॅलन्सिंग आणि नवे व्हॉल्व्ह यांचा खर्च यात धरा. गेजचाही धरा.

दुकानात काय बघायचं

पुण्यात नाना पेठेतल्या टायरच्या दुकानांत फिरलात तर भाव करता येतो, पण भावाआधी तारीख बघा. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ‘२३२५’ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. ट्रॅकसाठी सहा-आठ महिन्यांच्या आतला मिळाला तर उत्तम, वर्षापर्यंत चालेल, दोन वर्षांपुढचा सवलतीतही नको. पुढच्या आणि मागच्या टायरची तारीख वेगवेगळी वाचा. जुना माल जोडीत खपवला जातो.

दुकानाच्या दारात उन्हात टांगलेला नमुना घेऊ नका, आतला मागा. नख दाबून बघा आणि त्याच मॉडेलच्या ताज्या टायरशी ताडून बघा, दगड झालेला टायर हाताला लगेच कळतो. चरांच्या तळाशी बारीक भेगा असतील तर विषय संपला. बीड, म्हणजे रिमवर बसणारा काठ, वाकलेला किंवा तार दिसत असलेला टायर परत करा.

वापरलेला टायर घ्यायचाच असेल तर आतून बघितल्याशिवाय घेऊ नका. आतून पंक्चरची गुंडी किंवा पॅच दिसला तर तो रस्त्यासाठी ठीक असेल, ट्रॅकसाठी नाही. पंक्चर काढलेल्या टायरवर ताशी १४० ला ब्रेक दाबण्यात काही शहाणपण नाही.

बसवताना

गाडी घेऊन जाण्यापेक्षा शक्यतो चाकं काढून न्या. मशीनवर रिमला प्लास्टिकचं कव्हर लावतात का ते विचारा. लोखंडी पान्याने उचकटून काढताना अलॉयचा काठ खरवडला, तर हवा तिथूनच झिरपते. बाणाची दिशा तपासा, व्हॉल्व्ह दर वेळी नवा घाला आणि आत रबरी सील असलेलं टोपण लावा. बीड बसल्यावर टायरच्या बाजूला रिमलगत एक बारीक रेघ दिसते, ती चाकभर रिमपासून सारख्या अंतरावर हवी. एका जागी आत गेलेली असेल तर हवा सोडून, साबणाचं पाणी लावून पुन्हा बसवा. नाहीतर वेगात गाडी थरथरते आणि दोष बॅलन्सिंगला दिला जातो.

बॅलन्सिंगची वजनं स्वच्छ रिमवर चिकटवून वरून टेप मारा. चाक परत बसवताना अ‍ॅक्सलवरचे बुश चुकून डावे-उजवे बदलले जातात, आधी फोटो काढून ठेवा. एबीएसची रिंग वाकू देऊ नका. अ‍ॅक्सल मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा, चेनची ढील बघा. स्विंगआर्मवरच्या, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या, खुणांवर पूर्ण विसंबू नका, मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत दोरी ताणून सरळ रेघ तपासा. शेवटी पुढचा-मागचा ब्रेक दोन-चार वेळा दाबून पॅड डिस्कला भिडवून घ्या. हे विसरलेला माणूस पार्किंगमधून बाहेर पडतानाच भिंतीला भेटतो.

गाडी चालवत न्यायची का?

पुणे-बंगळूर-चेन्नई असं जाऊन-येऊन २४०० किलोमीटर होतात, आणि ते जवळजवळ सगळे टायरच्या मधल्या पट्ट्यावर. नवा मऊ रेडियल पोचेपर्यंत मधोमध चपटा होऊ लागतो. मग गाडी झोपवताना चपट्या भागाच्या कडेवरून उतरतेवेळी हिसका बसतो आणि रायडरला वाटतं सस्पेन्शन बिघडलं. ज्यांना चालवत जायचंच आहे त्यांनी जुनी जोडी घालून जावं आणि नवी तिथे बसवावी. त्यासाठी ट्रॅकजवळच्या टायरवाल्याशी आधी बोलून ठेवा. तीन-चार जणांनी मिळून एक टेम्पो केला, तर वाचलेलं रबर, पेट्रोल आणि पाठ धरून तो बहुतेकदा परवडतो. रेल्वे पार्सलने पाठवायची तर टाकी रिकामी करून द्यावी लागते.

हवा: फुकटातली ग्रिप

टायरवर हजारो रुपये घालून हवा पेट्रोल पंपावर भरणं ही सर्वांत नेहमीची चूक. दोन पंपांचे गेज दोन-तीन पीएसआयने वेगळे असणं नवलाचं नाही. स्वतःचा, हवा सोडायचं बटण असलेला, ० ते ६० पीएसआयचा गेज घ्या आणि कायम तोच वापरा. सोबत पायपंप किंवा बॅटरीवरचा छोटा पंप ठेवा.

पुण्यात हवा भरून निघणाऱ्यांसाठी एक मजेशीर गणित. एखाद्या गार पहाटे १२ अंशांना ३० पीएसआय भरली. चेन्नईला दुपारी ३५ अंशांत टायर नुसता उभा असला, तरी तापमानाने दाब साधारण साडेतीन पीएसआय वाढतो. पण पुणे समुद्रसपाटीपासून ५६० मीटर उंच आहे. खाली उतरल्यावर बाहेरच्या हवेचा दाब वाढतो, त्यामुळे गेजवर सुमारे एक पीएसआय कमी दिसतो. बेरीज-वजाबाकी करून अडीचच्या आसपास फरक उरतो, गाडी सुरूही न करता. म्हणून ‘थंड’ प्रेशर हे त्या दिवशी, ट्रॅकवर, सावलीतच मोजायचं. एका चाकावर ऊन पडत असेल तर गाडी वळवून उभी करा.

पहिल्या सेशनला गाडीच्या स्टिकरवरचा एकट्या रायडरचा आकडा भरा. सेशन संपवून पिटमध्ये थांबल्यावर एका मिनिटाच्या आत दोन्ही टायर मोजा आणि वहीत लिहा: वेळ, हवामान, थंड आकडा, गरम आकडा. रस्त्यावरच्या स्पोर्ट टायरवर १० ते १५ टक्के वाढ झाली असेल, म्हणजे थंड २९ आणि गरम ३२-३३, तर हात लावू नका. वाढ एक-दोनच असेल तर एकतर हवा जास्त आहे किंवा तुम्ही अजून हळू चालवताय. नवख्याच्या बाबतीत बहुधा दुसरं. थंड आकडा एका पीएसआयने उतरवून बघा. वाढ सहाच्या वर गेली असेल तर हवा कमी होती, टायर जास्त दबून जास्त तापला. अशा वेळी गरम आकडा मोठा दिसतो म्हणून हवा सोडली, की पुढच्या सेशनला तो आणखी दबतो आणि आणखी तापतो. इथे थंड आकडा वाढवायचा असतो.

एका वेळी एकाच टायरमध्ये, एक किंवा फार तर दोन पीएसआयचा बदल करा. या वर्गाच्या गाड्यांवर नवख्याने थंड असताना पुढे २७ आणि मागे २८ च्या खाली उतरू नये. त्याखाली हँडल जड होतं आणि ब्रेक लावताना पुढचा टायर पिठासारखा दबतो. परतीला रस्त्यावर लागण्याआधी रस्त्याची हवा पुन्हा भरा.

पहिले लॅप

नव्या टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो. तो सँडपेपरने घासणं, पेट्रोलने पुसणं असले उद्योग नकोत, आणि ‘घासून आणतो’ म्हणून ताम्हिणीला किंवा बोपदेव घाटात मोकळ्या रस्त्यावर गाडी झोपवणं तर मुळीच नको. पहिल्या सेशनचे पाच-सहा लॅप दर वळणाला थोडं-थोडं जास्त झोपवत जा, थ्रॉटल आणि ब्रेक गुळगुळीत ठेवा. पुढच्या प्रत्येक सेशनलाही पहिले दोन लॅप तापवण्याचे. जेवणाच्या सुट्टीनंतरच्या सेशनला टायर थंड झालेला असतो आणि रायडरचा आत्मविश्वास सकाळपेक्षा वाढलेला असतो, हे विसरू नका.

कडेला राहिलेल्या न घासलेल्या पट्टीवरून, म्हणजे चिकन स्ट्रिपवरून, पिटमध्ये चेष्टा होते. तिकडे लक्ष देऊ नका. शरीर नीट बाहेर काढणाऱ्याची गाडी त्याच वेगाला कमी झोपते, त्याची पट्टी जास्त उरते.

झीज वाचणं आणि टायर कधी काढायचा

कडेला रबराच्या बारीक गुठळ्या दिसणं चांगलंच लक्षण. पृष्ठभाग चमकदार, निळसर आणि चिकट-तेलकट दिसत असेल तर टायर जास्त तापतोय. हवा कमी किंवा वळणातून निघताना थ्रॉटल घाईचा. खरखरीत, खोलवर फाटल्यासारखं दिसत असेल तर हवा जास्त असल्याची किंवा टायर तापण्याआधीच जोर लावल्याची शंका घ्या. फक्त मागच्या टायरवर एकाच पट्ट्यात झीज असेल तर आधी हवा, मग प्रीलोड, म्हणजे सस्पेन्शनच्या स्प्रिंगचा आधीचा ताण. सस्पेन्शनचे स्क्रू त्यानंतर.

घड्याळाच्या काट्याच्या दिशेने धावणाऱ्या ट्रॅकवर उजवी बाजू आधी संपते. मधोमध भरपूर चर दिसतो म्हणून टायर शिल्लक आहे असं समजू नका, खोली उजव्या खांद्यावर मोजा. रिमवर टायर उलटा फिरवून दुसरी बाजू वापरायची युक्ती चर आणि बाण असलेल्या टायरवर करू नका. हलक्या गाडीवर पुढचा टायरही बऱ्यापैकी झिजतो, कारण सगळा वेग वळणातच टिकवलेला असतो. मागचा दोनदा बदलेपर्यंत पुढचा तसाच ठेवणाऱ्याने तरी पुढच्याचा खांदा दर सेशनला बघावा. मागचा टायर घसरला तर सावरायला वेळ मिळतो, पुढचा देत नाही.

खांद्यावरची झीजखूण उघडी पडली, तापमान आणि हवा तीच असताना टायर रोजच्या जागी घसरू लागला, किंवा कुठेही धागा दिसला, की तो काढायचा. घरी ठेवताना जमिनीपासून उचलून, अंधारात ठेवा. पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल-मे काढलेला टायर जूनमध्ये बघायलाही नको वाटतो. ठिणग्या उडणाऱ्या विजेच्या मोटरजवळही ठेवू नका, त्या ठिणग्यांतून होणारा ओझोन रबराला भेगा पाडतो.

टायरच्या बाजूवर पिवळ्या खडूने किंवा मार्करने दर सेशनला एक रेघ ओढत जा. पाचव्या ट्रॅक डेला ‘अजून चालेल का?’ हा प्रश्न येईल तेव्हा तिसाव्या रेघेशेजारी उजव्या खांद्याची खोली मोजून लिहा, आणि पुढच्या जोडीचा भाव करायला नाना पेठेत जाताना तो आकडा सोबत न्या.